कॅमेरा आधी हातात, मग पैसे



आज कॅमेऱ्याबद्दल बोलायचंय. फोटो कसा काढायचा, हे नाही. वापरलेला, जुना कॅमेरा मोबाइलवर बघून विकत घ्यायचा असेल तर फसायचं कसं नाही, हे. गटाच्या बैठकीत बसून ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा. जवळ वही असेल तर चार गोष्टी लिहून घ्या. मी सावकाश सांगते.

कुणी म्हणेल, बचत गटाला कॅमेरा कशाला? अहो, बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा, हळद, हे गावात वर्षभर चालूच असतं. हळदीला आणि डोहाळजेवणाला घर बायकांनी भरलेलं असतं. तिथे फोटो काढणारीही बाईच असली तर सगळ्याजणी मोकळेपणाने हसतात, नाचतात. शिवाय आपल्या पापडांचे, मसाल्यांचे, गोधड्यांचे चांगले फोटो असले तर गिऱ्हाईक लांबूनही माल मागवतं. आणि हे बायकांना जमेल का, हा प्रश्न तर केव्हाच निकालात निघालाय. अहमदाबादला ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संघटना आहे. तिथे १९८४ साली भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या बायका व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकल्या. त्यांतल्या काहींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. त्यातूनच ‘व्हिडिओ सेवा’ उभी राहिली.

अडचण असते ती पैशांची. नवा चांगला कॅमेरा गटाची सगळी बचत एकदम खाऊन टाकतो. म्हणून नजर जुन्याकडे जाते, आणि ती बरोबरच जाते. हल्ली आतमध्ये आरसा नसलेले, ‘मिररलेस’ म्हणतात ते कॅमेरे आलेत. शहरातले फोटोग्राफर ते घेतात आणि आपले जुने, आरसा असलेले डीएसएलआर कॅमेरे विकायला काढतात. त्यातले पुष्कळ कॅमेरे अजून पाच-सात वर्षं आरामात चालतील असे असतात. विकणारेही बरेचसे सरळ माणसं असतात. पण याच गर्दीत लबाड माणूस उभा राहतो, कारण इथे गिऱ्हाईक आहे आणि गिऱ्हाइकाला घाई आहे.

आता मला सांगा, म्हैस घेताना आपण काय करतो? ती काय नवी कोरी असते? आपण तिचे दात बघतो. चालवून बघतो. चारही सड चालू आहेत ना, बघतो. विकणाऱ्याने सकाळची धार न काढता कास भरलेली दाखवायला आणली असेल, हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून आपण दोन वेळची धार समोर काढायला लावतो. आणि कुणी म्हणालं, “म्हैस घरी आहे, हा फोटो बघा, आधी पाच हजार पाठवा, उद्या टेम्पोने येईल,” तर? आपण त्याला हसू आणि पुढे जाऊ.

मग तेच वाक्य मोबाइलवर आलं की शहाण्यासुरत्या बायाही पैसे का पाठवतात? कारण मनात असतं, म्हशीतलं मला कळतं, पण कॅमेऱ्यातलं कुठे कळतंय? लबाड विकणारा याच जागी बोट ठेवतो. म्हणून आधीच सांगते. कॅमेऱ्यातलं कळत नसेल, पण व्यवहारातलं आपल्याला कळतं. नियम तोच आहे. वस्तू आधी हातात, मग पैसे.

आता लबाड विकणारे दोन तऱ्हेचे असतात. एकाकडे कॅमेराच नसतो, त्याला फक्त तुमचे पैसे हवे असतात. दुसऱ्याकडे कॅमेरा असतो, पण तो त्याची खोड लपवतो. दोघांना ओळखायची रीत वेगळी आहे. आधी पहिला बघू, कारण तो जास्त घातकी.

याची सुरुवात किमतीपासून होते. बाजारात जो जुना कॅमेरा २० हजारांना जातो, तो हा ९ हजारांत देतो. दोन लेन्स, पिशवी, तिकाटणं, सगळं त्यातच. इतकं स्वस्त का, याला त्याच्याकडे कारण तयार असतं. देशात पोलिसांनी पुन्हा पुन्हा सावध केलेला प्रकार म्हणजे फौजी असल्याची बतावणी. “मी आर्मीत आहे, बदली झालीय, सामान घेऊन जाता येत नाही, म्हणून विकतोय.” गणवेशातला फोटो येतो. ओळखपत्र येतं, कधी कॅन्टीनचं कार्डही येतं. आपल्याकडे घरोघरी फौजेतली मुलं आहेत, गावच्या गावं फौजींची आहेत. जवान म्हटलं की आपला हात आपोआप कपाळाला जातो. तोच मान हे चोर वापरतात. ते ओळखपत्र चोरलेलं किंवा बनवलेलं असतं. मैत्रिणींनो, खरा जवान मोबाइलवरच्या अनोळखी माणसाला आपलं ओळखपत्र पाठवत सुटत नाही. ओळखपत्राचा फोटो म्हणजे पुरावा नव्हे. तो कुणाच्याही फोनमध्ये असू शकतो.

भेटायचं म्हटलं की त्याला कधीच जमत नाही. छावणीत बाहेरच्यांना सोडत नाहीत, मी ड्युटीवर आहे, कॅमेरा आर्मीच्या कुरिअरने येईल. मग पहिली मागणी छोटीशी, कुरिअरचे ८०० रुपये. वीस हजारांच्या वस्तूपुढे आठशे म्हणजे काय, असं वाटून आपण पाठवतो. मग दुसरा फोन. “पार्सल निघालं, जीएसटी भरायचा राहिला, २,५०० पाठवा, पार्सल हातात पडलं की परत मिळतील.” मग विमा. मग “तुमची रक्कम चुकीच्या आकड्याने आली, पुन्हा बरोबर पाठवा, आधीची परत करतो.” आपण नाही म्हटलं तर तो म्हणतो, “मग आधीचेही गेले समजा.” गेलेल्या पैशांच्या आशेने आपण आणखी पाठवतो. ही विहिरीत पडलेली घागर काढायला दुसरी घागर टाकण्यासारखी गत आहे. पहिल्या मागणीलाच थांबलेली बाई आठशेत सुटते. पाचव्या मागणीला थांबलेल्या बाईचं गटाचं वर्ष जातं.

यात एक खास पेच आहे, तो नीट ऐका. तो म्हणतो, “मी पैसे परत पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका.” क्यूआर कोड म्हणजे किराणा दुकानात चिकटवलेला तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. दुकानात आपण तो स्कॅन कशासाठी करतो? पैसे देण्यासाठी. घेण्यासाठी कधी केला का? नाही. तसंच पिनचं. यूपीआयचा पिन म्हणजे आपल्या तिजोरीची किल्ली. कुणी आपल्याला पैसे देत असेल तर त्याने त्याची तिजोरी उघडायची, आपली कशाला? पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो, ना पिन. हे वाक्य वहीत लिहा, आणि फोन घरातल्या ज्या मुलाच्या, सुनेच्या हातात असतो, त्यांनाही सांगा.

आणखी दोन गोष्टी. तो एखादी लिंक पाठवेल, किंवा ‘बिल’ म्हणून एखादी फाइल पाठवेल आणि उघडायला सांगेल. एखादं अ‍ॅप टाकायला सांगेल, ज्याने आपल्या फोनचा पडदा त्याला तिकडे दिसतो. असलं काही उघडायचं नाही, टाकायचं नाही. कॅमेरा विकायला आपला फोन उघडावा लागत नाही. आपल्या आधार कार्डाचा फोटोही त्याला पाठवायचा नाही. आज त्याने आपल्याला दुसऱ्याचं कार्ड दाखवलंय, उद्या आपलं कार्ड तिसरीला दाखवेल.

मग ज्याच्याकडे खरंच कॅमेरा आहे, तो ओळखायचा कसा? एक सोपी परीक्षा घ्या. त्याला म्हणा, एका कागदावर आमच्या गटाचं नाव आणि आजची तारीख लिहा, तो कागद कॅमेऱ्याशेजारी ठेवून फोटो पाठवा. नाहीतर व्हिडिओ कॉल करा आणि कॅमेरा चालू करून, पालथा करून खालचा क्रमांक दाखवा. खऱ्या मालकाला यात पाच मिनिटं लागतात. खोटा माणूस चिडतो. “तुम्हाला विश्वास नसेल तर राहू द्या, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय,” असं म्हणतो. विश्वासाची भाषा जो आधी काढतो आणि वस्तू नंतर, त्याला रामराम ठोकायचा. दुसरं गिऱ्हाईक थांबलं असेल तर खुशाल त्याला देऊ द्या.

एवढं झालं तरी आगाऊ पैसे द्यायचे नाहीत, विसारही नाही. आपल्याला जाता येईल अशा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचाच विकणारा बघा. भाव दोन-तीन हजारांनी जास्त पडला तरी चालेल. लांबच्या स्वस्त कॅमेऱ्यापेक्षा डोळ्यांसमोरचा महाग कॅमेरा स्वस्त पडतो.

आता दुसरा लबाड. याच्याकडे कॅमेरा आहे, भेटायलाही तो तयार आहे. पण “घरात पडून होता, वापरलाच नाही,” असं म्हणतो आणि खरं म्हणजे त्या कॅमेऱ्याने पुष्कळ लग्नं उरकलेली असतात.

याला भेटायला एकटीने जायचं नाही. तिघीजणी जा. शक्य असेल तर तालुक्याच्या स्टुडिओतल्या ओळखीच्या फोटोग्राफरला बरोबर घ्या, आणि त्याचा वेळ घेतोय तर त्याला चार पैसे द्या. भेट दिवसाउजेडी, वर्दळीच्या जागी ठरवा. कुणाच्या खोलीवर, सांजावल्यावर नाही. बरोबर तीन वस्तू न्या. एक आपलं स्वतःचं मेमरी कार्ड, एक ते कार्ड मोबाइलला जोडायचा कार्ड रीडर, आणि एक छोटी बॅटरी, उजेड पाडायची. किमान एक तास हातात ठेवा. विकणारा घाई करत असेल तर ती त्याची अडचण.

म्हशीचे दात बघतात तसे कॅमेऱ्याचेही दात असतात. त्याला शटर काउंट म्हणतात. कॅमेऱ्यात एक पडदा असतो, फोटो काढताना तो उघडतो आणि मिटतो. आजवर तो किती वेळा उघडला, तो हा आकडा. साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याचा पडदा साधारण १ लाख वेळा उघडेल असं धरून चालतात. कुणाचा आधी जाईल, कुणाचा दुप्पटही चालेल. लग्नाचा फोटोग्राफर एका लग्नात दोन-तीन हजार फोटो सहज काढतो. आता तुम्हीच हिशेब करा. ‘कमी वापरलेला’ म्हणणाऱ्याच्या कॅमेऱ्याचा आकडा ९० हजार निघाला, तर त्याचा शब्द किती धरायचा ते कळलं. निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हा आकडा फोटोच्या मूळ फाइलमध्येच नोंदलेला असतो, स्टुडिओवाला तो काढून देईल. पण फाइल थेट कार्डावरची हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतून ही माहिती गळून जाते. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आकडा असा सहज दिसत नाही, त्याला वेगळं सॉफ्टवेअर किंवा सर्व्हिस सेंटर लागतं. आणि एक ध्यानात ठेवा, नुसतं व्हिडिओसाठी वापरलेल्या कॅमेऱ्याचा हा आकडा कमी असूनही बाकीचा कॅमेरा दमलेला असू शकतो.

पुढची तपासणी लेन्सची. लेन्स काढून घ्या, एका बाजूने बॅटरीचा उजेड मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. धुळीचे दोन-चार कण दिसले तर घाबरू नका, त्याने फोटो बिघडत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. दमट हवेत, पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला ती धरते. कोकणातल्या, घाटमाथ्यावरच्या मैत्रिणींना हे सांगायला नको, आपल्याकडे चामड्याच्या चपलेलाही आषाढात बुरशी येते. बुरशी आत पसरत जाते आणि काचेवरचा थर खाते. अशी लेन्स घ्यायची नाही, कितीही स्वस्त दिली तरी.

मग आपलं कार्ड घाला आणि फोटो काढा. पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा एक फोटो, लेन्सचं तोंड बारीक करून, म्हणजे एफ १६ किंवा एफ २२ वर. त्यात काळपट डाग दिसले तर आतल्या सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण त्याचे पैसे भावातून कमी करून घ्या. डाग नसून रेघ किंवा ओरखडा दिसला तर उठा आणि निघा. दुसरा फोटो लेन्सला झाकण लावून काढा. काळ्या चित्रात तांबडे, हिरवे, पांढरे ठिपके चमकताना दिसले तर सेन्सरचे तेवढे बिंदू बिघडलेत. एखादा असेल तर चालून जातं, मूठभर असतील तर नाही. जवळची वस्तू, लांबची वस्तू, दोन्हींवर कॅमेरा आपोआप नजर बसवतो का बघा. फ्लॅश उडतो का, प्रत्येक बटण दाबलं जातं का, कार्डाचं झाकण नीट बसतं का बघा. दहा मिनिटं सलग व्हिडिओ चालू ठेवा. मध्येच बंद पडला तर कारण विचारा. बॅटरी काढून बघा. फुगलेली बॅटरी खाचेत अडकते, सहज निघत नाही. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर कॅमेरा कुणीतरी उघडलाय. पडला होता का, पाण्यात गेला होता का, हे मग सरळ विचारायचं. काढलेले फोटो कार्ड रीडरने मोबाइलवर मोठे करून बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळंच छान दिसतं.

आता कागद. मोबाइल फोनला आयएमईआय नावाचा क्रमांक असतो, आणि जुना फोन घेताना सरकारच्या ‘संचार साथी’वर तो तपासता येतो. कॅमेऱ्याला आयएमईआय नसतो. त्याला कंपनीचा सीरियल नंबर असतो, बहुतेक वेळा अंगाखाली छापलेला. तो नंबर, खोक्यावरचा नंबर आणि मूळ बिलावरचा नंबर, तिन्ही जुळले पाहिजेत. नंबर खरवडलेला असेल, बिल नाही, खोकं नाही, विकणारा नाव सांगायला कचरतोय, तर तो माल चोरीचा असू शकतो. चोरीचा आहे हे कळत असूनही घेतला तर तो आपलाही गुन्हा ठरतो. आणि अजाणता घेतला तरी खऱ्या मालकाचा हक्क जात नाही. पोलीस येऊन कॅमेरा घेऊन जातील, आणि आपण पैसे कुणाकडे मागायचे?

सगळं पटलं तर पैसे तिथेच, तिघींच्या समोर द्या. यूपीआयने दिले तर नोंद राहते, ते बरं. रक्कम टाकण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. ते नाव आणि समोरच्या माणसाचं नाव एकच आहे का बघा. “हे माझ्या मित्राचं खातं आहे” असं म्हणाला तर नको म्हणा. मग एका कागदावर पावती करा. कॅमेऱ्याचं नाव, सीरियल नंबर, रक्कम, तारीख, विकणाऱ्याचं नाव, पत्ता, सही, आणि “हा कॅमेरा माझ्या मालकीचा आहे” एवढं एक वाक्य. मूळ बिलही मागून घ्या.

काहीजणी म्हणतील, आमच्या जवळपास कुणी विकणाराच नाही. मग जुने कॅमेरे दुरुस्त करून, बिल देऊन विकणारी दुकानं असतात. त्यांच्याकडून घेताना तीन गोष्टी आधी लेखी विचारा. पक्कं बिल देणार का, परत किती दिवसांत घेणार, आणि कॅमेरा किती दिवस बिघडणार नाही याची हमी देणार. पार्सल आल्यावर डिलिव्हरीवाल्यासमोर उघडायची सोय असेल तर ती घ्या. नसेल तर चिकटपट्टी कापण्याआधीपासून एकीने मोबाइलवर सलग चित्रण करायचं. खोक्यातून कॅमेऱ्याऐवजी साबणाची वडी निघाली, तर तोच आपला पुरावा.

इतकं सांभाळूनही कुणी फसलंच तर? आता जे सांगते ते सगळ्यात महत्त्वाचं. पहिला तास वाया घालवायचा नाही. १९३० हा नंबर लावायचा. एक, नऊ, तीन, शून्य. पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी हा देशभराचा नंबर आहे. आपले पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तक्रार पोचली तर ती रक्कम तिथल्या तिथे गोठवता येते, आणि पुढे रीतसर परत मिळू शकते. एकदा एटीएममधून काढली गेली की अवघड होतं. फोन करताना हाताशी हे ठेवा. आपली बँक आणि खाते क्रमांक, किती वाजता किती रक्कम गेली, व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, आणि त्याचा फोन नंबर व यूपीआय आयडी. हीच तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही करता येते. त्याचबरोबर आपल्या बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा अर्थ असा होता, की पिन आपल्या चुकीने गेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे लवकर कळवण्यात आपलाच फायदा. त्याच्याशी झालेलं बोलणं, फोटो, जाहिरात, काहीही पुसू नका. सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. रागाने त्याला आधी शिव्या घालू नका, पुरावा आधी.

पोलीस ठाण्यात “हे आमच्या हद्दीत येत नाही” असं म्हणाले तर अदबीने सांगा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्द न बघता गुन्हा नोंदवायची तरतूद आहे. दुकानाने किंवा कंपनीने फसवलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार कंपनीने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात ती निकालात काढायची असते. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही. “तुम्ही धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहक नाही,” असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. २०१९ च्या कायद्यात स्पष्ट म्हटलंय, की केवळ स्वयंरोजगारातून आपली उपजीविका चालवायला घेतलेली वस्तू असेल तर घेणारी ग्राहकच. मात्र एखाद्याने घरातला आपला कॅमेरा एकदाच विकला असेल तर तो व्यापारी ठरत नाही, तिथे पोलिसांचीच वाट धरावी लागते. म्हणून तर ती पावती, ती सही.

आणि फसल्यानंतर कुणी फोन करून म्हणालं, “मी सायबरमधून बोलतोय, तुमचे पैसे सोडवून देतो, आधी फी भरा,” तर तो दुसरा चोर समजा. सरकारी तक्रारीला फी नसते.

आता शेवटची गोष्ट, गटाची. गटाचं बँक खातं एकीच्या मर्जीने हलत नाही. ठराव लागतो, सह्या लागतात. ही रीत आपण पै-पै जपण्यासाठीच घालून घेतलीय. पण कॅमेरा, शिलाई मशीन, मिक्सर असं काही मोबाइलवरून घ्यायचं ठरलं की होतं काय? “तुझ्या फोनवरून टाक गं, मग हिशेब करू.” सगळ्यांच्या पैशांची राखण तिथे एकीच्या बोटावर येते. चोराला हेच हवं असतं. त्याला दहाजणी नको असतात, एकटी हवी असते. म्हणून तो म्हणतो, आत्ता लगेच, कुणाला विचारू नका. दहाजणींपुढे त्याचं नाटक चालत नाही, एक ना एक जण विचारतेच, “पण बाई, कॅमेरा कुठाय?”

आणि एखादीचं बोट चुकलंच, तर तिला दोष देऊ नका. दोष दिला की ती गप्प बसते. नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगत नाही, गटालाही सांगत नाही. बांगडी मोडून, उसनेपासने करून रक्कम भरते, आणि १९३० ला करायचा फोन राहून जातो. चोर पैसे नेतो, वेळ मात्र आपल्या लाजेने जाते. शिकलेली, पगारदार, साहेब माणसंही असल्या जाळ्यात सापडतात. तेव्हा “तुला अक्कल नव्हती का” हे वाक्य गटात बोलायचंच नाही. “चल, आधी फोन लावू,” एवढंच म्हणायचं.

पुढच्या बैठकीत एक ठराव करा. मी सांगते तसा लिहून घ्या. “गटासाठी कोणतीही जुनी वस्तू घेताना ती किमान तिघींनी प्रत्यक्ष बघून, वापरून बघितल्याशिवाय एक रुपयाही दिला जाणार नाही. पैसे तिघींसमोर दिले जातील आणि सही केलेली पावती घेतली जाईल. फसवणूक झाल्यास ती लगेच गटाला सांगावी, सांगणारीला दोष दिला जाणार नाही.” खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे.

ठराव झाला की मग खुशाल कॅमेरा शोधायला लागा. सावकाश शोधा, दोन-चार सोडून द्या, पाचवा चांगला मिळेल. आणि मिळाला की पहिला फोटो सगळ्या गटाचा काढा.